महाग यंत्राची बाजू

तीन हजार डॉलरला घरगुती कॉफीचं यंत्र विकणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर लुटारू, असं मी बरीच वर्षं चारचौघांत बिनदिक्कत म्हणायचे. माझं आयुष्य भोसरीत, वाहनांच्या सुट्या भागांच्या धंद्यात गेलं, त्यातही गुणवत्ता विभागात. कुठलीही वस्तू हातात घेतली की तिच्यात पितळ किती, स्टील किती, रबर किती आणि मजुरी किती, हे न विचारताच डोळ्यांपुढे येतं. एस्प्रेसोच्या यंत्रात असतं काय? एक पंप, पाणी तापवायची छोटी टाकी, थोड्या नळ्या, चार व्हॉल्व्ह, एक सर्किट बोर्ड आणि वरून चकचकीत पत्रा. यापलीकडचं सगळं नाव आणि नखरा, असा माझा हिशेब होता.

त्यातून हे यंत्र एखाद्या छोट्या कंपनीने करायला घेतलं असेल तर माझा आवाज आणखी चढायचा. पाच-पंचवीस माणसं, स्वतःची प्रेस नाही, टूलरूम नाही, आणि निघाले जगाला यंत्रं पुरवायला! गिऱ्हाइकाकडून आधी पैसे घ्यायचे, तारीख द्यायची, ती चुकवायची, पुन्हा नवी द्यायची. आमच्याकडे असा व्हेंडर दुसऱ्या महिन्यात यादीतून बाद झाला असता.

माझ्या मताला एक देशी पायाही होता. माझ्या पिढीला एस्प्रेसो म्हणजे रिसेप्शनच्या मांडवात कोपऱ्यात उभं असलेलं ते यंत्र. स्टीलच्या जगमध्ये दूध, साखर, इन्स्टंट कॉफी. त्यात वाफेची नळी खुपसायची, फुसफुस आवाज, वर हा एवढा फेस आणि फेसावर चिमूटभर चॉकलेट पावडर. डिसेंबरातल्या लग्नात ती कॉफी काय लागते! पण त्या यंत्रात जोर असतो तो निव्वळ वाफेचा. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्रही वाफेवरच चालायचं, त्याचा दाब फार तर दीड-दोन बार. आज एस्प्रेसो म्हणून जे ओळखलं जातं, ते दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्राने घडवलं. दांडा खाली ओढायचा, आतली स्प्रिंग दाबली जायची आणि सुटताना गरम पाणी आठ-दहा बारने कॉफीतून रेटायची. पेल्यावर तपकिरी साय धरायला लागली ती तेव्हापासून. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने स्प्रिंगचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. त्याच साली ला पावोनीचं युरोपिक्कोला हे घरगुती दांडायंत्र आलं, आणि ते आजही बनतं.

म्हणजे मांडवातल्या यंत्रावरून घरगुती एस्प्रेसो यंत्राची किंमत ठरवणं मुळातच तकलादू होतं. पण मत एकदा बसलं की त्याला पुरावे आपोआप सापडत जातात.

दाबाचंच घ्या. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण १ बारला उचलते, आणि तरी आपण मुलांना त्याच्यापासून लांब ठेवतो. एस्प्रेसोला लागतात ९ बार. कॉफीची जाळी ५८ मिलिमीटर व्यासाची धरली, तर त्या गोलावर सुमारे २४० किलोचा जोर येतो. तो सगळा जोर पेलतात हँडलचे दोन कान आणि एक रबरी गॅस्केट. पाणी ९० ते ९६ अंशांच्या मधलं हवं, शिवाय काढा उतरायच्या पंचवीस-तीस सेकंदांत ते एखाद्या अंशापलीकडे हललेलं चालत नाही. हे सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, २३० व्होल्टच्या शेजारी, अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हाताखाली. असलं काम मोठ्या कंपनीनेच करावं, छोट्याने याच्या वाटेला जाऊ नये, असं मी म्हणायचे. त्यात अक्कल नव्हती असं मला अजूनही वाटत नाही.

या मताला बळ मिळालं ते अमेरिकेतल्या झेडपीएम कंपनीच्या प्रकरणाने. २०१२ मध्ये दोघा तरुणांनी किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले. तापमान आणि दाब अचूक राखणारं यंत्र, तेही साधारण ४०० डॉलरमध्ये बाजारात आणू आणि आत्ता पैसे देणाऱ्यांना त्याहून स्वस्तात देऊ, असा त्यांचा शब्द. साडेतीन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. नमुना चालत होता, लोकांनी त्यातून कॉफी काढलेली पाहिली होती. पुढे रचना बदलत गेली, तारखा सरकत गेल्या आणि २०१५ च्या सुरुवातीला कंपनीने हात टेकले. यंत्रं गेली नाहीत, बहुतेकांचे पैसेही परत आले नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिकाने त्याच वर्षी त्यावर लांबलचक लेख छापला. तो वाचून मला, खरं सांगते, बरं वाटलं. म्युनिकला राहणाऱ्या भाच्याला मी तो लगेच पाठवला. कारण हा पठ्ठ्या तेव्हा युरोपातल्या अशाच एका छोट्या कंपनीकडे पैसे भरून बसला होता.

त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. “मावशी, तू एवढी कॉस्टिंगवाली, मग चारशे डॉलरचं कॉस्टिंग करून दाखव ना.”

बसले करायला. हेतू शुद्ध खवटपणाचा होता. चारशे डॉलरमध्ये यंत्र बसतं, फक्त या पोरांना धंदा जमला नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. मालाचा आकडा मी धरला होता त्याच्या आसपासच आला. मग खालच्या ओळी भरायला लागले आणि तिथे कागद फिरला. आमच्या धंद्यात दहा लाखांचा साचा असेल तर तो पाच लाख नगांवर वाटला जातो, नगामागे दोन रुपये पडतात. त्याकडे कोणी पाहतही नाही. तोच साचा तीनशे यंत्रांवर वाटला की नगामागे तीन हजार तीनशे रुपये. असे साचे एका यंत्रात एकच नसतात. पंप बनवणाऱ्याला तीनशे पंपांचं गिऱ्हाईक म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. सर्किट बोर्डावरचा एखादा भाग उत्पादकाने बंद केला तर मोठी कंपनी वर्षाचा साठा उचलून ठेवते, छोटी कंपनी बोर्डच नव्याने आखते. घरगुती उपकरणांसाठी आयईसी ६०३३५ नावाचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे, आपल्याकडचं आयएस ३०२ त्याच घराण्यातलं. त्याच्या चाचण्यांचं बिल एक यंत्र विका नाहीतर लाख विका, सारखंच येतं. यात रिजेक्शन धरा, हमीच्या काळात फुकट पाठवायचे भाग धरा, खोकं आणि भाडं धरा.

चारशे डॉलर कधीच मागे पडले होते. झेडपीएमच्या पोरांनी पैसे खाल्ले की नाही हा प्रश्नच माझ्या लेखी उरला नाही. त्यांनी सांगितलेल्या किमतीला ते यंत्र पाच-पंचवीस माणसांच्या कंपनीला करताच आलं नसतं, हे कागदावर दिसत होतं. गंमत म्हणजे लोक त्या स्वस्ताईवरच भाळले होते, आणि माझा रागही महागाईवरच होता.

खोक्याची आणि भाड्याची ओळ मी आधी एका आकड्यात उरकली होती. तिच्यात एवढं दडलेलं असेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे डिस्पॅच म्हणजे ट्रक चाकणला गेला, सही झाली, संपलं. यंत्र समुद्रापार एकेका घरी पाठवायचं तर गोष्ट निराळी. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे आणि युरोपात २३० आणि ५०. घरगुती यंत्रांत बहुधा कंपनावर चालणारा छोटा पंप असतो, तो विजेच्या लहरीच्या तालावरच धडधडतो, म्हणून दोन्हीकडे वेगळा लागतो. (खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५ बार’ छापलेलं असतं ना, ते या पंपाचं कमाल बळ. कॉफीला ते नको असतं. चांगल्या यंत्रात जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह बसवून ते नऊवर आणावं लागतं. विकत घेताना १५ आकडा पाहून हुरळू नका.) अमेरिकेतल्या साध्या १५ अँपिअरच्या प्लगमधून १८०० वॉटच्या वर काढता येत नाही, म्हणून तिकडच्या यंत्राचा हीटर कमी ताकदीचा. म्हणजे वरून एकच दिसणारं यंत्र आतून दोन यंत्रं असतात.

मग पाणी. टाकीतली पातळी ओळखायला पुष्कळ यंत्रांत धातूची सळई असते. पाण्यातल्या क्षारांमुळे तिच्यातून वीज वाहते आणि यंत्राला कळतं की टाकी भरली. आपल्याकडची मंडळी काळजीपोटी आरओचं, कुणी थेट बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घालतात. त्यात क्षारच नसल्यासारखे, मग यंत्र टाकी रिकामी समजतं. उलट बोअरच्या पाण्यावर तेच यंत्र आतून चुनखडीने बुजतं. कारखान्यातल्या चाचणीला एकाच गावचं पाणी मिळतं, गिऱ्हाईक मात्र शंभर गावांत असतं.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र थंडीची. प्रत्येक यंत्र निघण्याआधी पाणी भरून, तापवून, दाबावर तपासलं जातं. ते पाणी नीट काढलं नाही आणि खोकं जानेवारीत एखाद्या उत्तरेकडच्या देशात रात्रभर ट्रकमध्ये पडलं, तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि नळी, कधी टाकीसुद्धा, चिरते. कारखान्यातून यंत्र उत्तम निघालेलं, चाचणीच्या कागदावर सही असलेली, आणि गिऱ्हाइकाच्या ओट्यावर पहिल्याच दिवशी गळती. पुण्यात बसून लीक टेस्ट घेणाऱ्या माझ्यासारखीला हे सुचलंच नसतं. म्हणून तपासणीनंतर हवेच्या फवाऱ्याने यंत्र कोरडं करायचं. तरी चार थेंब राहतातच, आणि ते पाहून गिऱ्हाईक म्हणतं, हे तर वापरलेलं यंत्र पाठवलं!

भाच्याचं यंत्र ठरल्यापेक्षा बरंच उशिरा आलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, मुद्दा तिचा नाही. मी म्युनिकला गेले तेव्हा ते खालून हळूहळू ठिबकत होतं. मी मनात म्हटलं, आता बघू. कंपनीकडून कोणी येणार नव्हतं, यंत्र परतही मागवलं गेलं नाही. पाकिटातून चार ओ-रिंगा आल्या आणि कुठून कसं उघडायचं याचा छोटा व्हिडिओ. शेजाऱ्याकडून ॲलन की आणली आणि आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातच ते उघडलं.

आतलं काम पाहून मी खुर्ची ओढून बसले. सगळे स्क्रू एकाच मापाचे. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना आकडा, तोच आकडा जिथे ती बसते तिथे. नळ्या नुसत्या रिंग दाबली की सुटतात, ओढल्या तर नाही. बिघडण्यासारखं जे जे होतं, पंप, व्हॉल्व्ह, ओ-रिंगा, ते सगळं पुढच्या बाजूला, हात जाईल असं. मोठ्या कंपनीचं मिक्सर-ग्राइंडर उघडताना आपण प्लॅस्टिकचे कान मोडतो, कारण ते उघडण्यासाठी केलेलंच नसतं. भाच्याने जुनी रिंग काढली, नवी बसवली, मी तिच्या खाचेतून बोट फिरवून पाहिलं, कुठे बर म्हणजे खरखरीत कड नव्हती. ठिबकणं थांबलं.

हे चांगुलपणातून आलेलं आहे असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर विश्वास ठेवणार नाही. पंधरा-वीस किलोचं यंत्र एका देशातून दुसऱ्या देशात परत मागवायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा पाठवायचं, तर छोट्या कंपनीचा त्या यंत्रातला सगळा नफा एका फेरीत जातो. तिला सर्व्हिस सेंटर परवडत नाही. तेव्हा गिऱ्हाईकच मेकॅनिक होईल असं यंत्र करणं तिला भाग पडतं. मोठ्या कंपनीला ही निकड नसते. ती शंभरातली तीन यंत्रं बदलून देते आणि जुनी भंगारात टाकते. मी ज्या गरिबीमुळे छोट्या कंपनीला नालायक ठरवत होते, त्या गरिबीनेच यंत्र उघडण्याजोगं केलं होतं.

त्यानंतर मी हाँगकाँगच्या डिसेंट एस्प्रेसोकडेही पुन्हा पाहिलं. आधी तिचं नाव निघालं की मी नाक मुरडायचे, कारण तिचा संस्थापक जॉन बकमन हा मुळातला सॉफ्टवेअरवाला. आधी लायरिस ही ई-मेलची कंपनी, मग मॅग्नाट्यून हा संगीताचा उद्योग, आणि तिथून थेट कॉफी यंत्र. पाना न धरलेला माणूस! पण त्याच्या यंत्राने पाण्याचा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. एकच मोठी टाकी नेमक्या तापमानाला धरून ठेवण्याऐवजी गरम आणि थंड पाणी चालता चालता मिसळायचं आणि दाब, प्रवाह, तापमान यांचे आलेख टॅब्लेटवर दाखवायचे. आगाऊ नोंदणी, उशीर, मग थोडी थोडी यंत्रं, आणि प्रत्येक वेळी काय बिघडलं ते सगळ्यांसमोर सांगणं. विक्री थेट, मध्ये दुकानदार नाही. नवं सॉफ्टवेअर जुन्या यंत्रांनाही फुकट. पूर्वी मी यातला फक्त उशीर मोजला असता. आता मला त्यात पायलट लॉट दिसतो: पन्नास करा, पाठवा, काय परत येतं पाहा, मग पुढचे शंभर. आमच्याकडे हे बंद दाराआड चालतं, एवढाच फरक.

सगळं पटलं असंही नाही. यंत्राच्या डोक्यावर टॅब्लेट मला अजून खुपतो. युरोपिक्कोला साठ वर्षांपूर्वीचं असलं तरी दोन गॅस्केटं बदलली की चालतं. टॅब्लेटचं आयुष्य किती, हे आपल्या प्रत्येकाच्या खणात पडलेलं आहे. कॅलिफोर्नियाच्या फ्लेअर कंपनीने तर वीजच काढून टाकली, हाताने दांडा दाबा आणि पाणी वेगळं तापवा. अर्धे प्रश्न तिथेच मिटले. मला ती वाट जास्त शहाणपणाची वाटते. आणि उशीर होणार हे ठाऊक असताना मुद्दाम जवळची तारीख सांगणाऱ्याबद्दल माझं मत आजही तेच आहे जे भोसरीत होतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आपल्या दाराशी आहे. भारतातून सर्वाधिक कॉफी घेणारा देश इटली. कर्नाटकातला रोबस्टा तिकडच्या एस्प्रेसो मिश्रणांत जातो, आणि इथे घरी कॉफी दळून पिणारी तरुण मंडळी वाढताहेत. कोल्हापूरचं ओतकाम, भोसरी-चाकणचं मशिनिंग, सगळं हाताशी आहे. कोणीतरी हे यंत्र इथे करायला घेणार, कदाचित घेतलंही असेल. तो माझ्याकडे आला तर पूर्वी मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता मी त्याचं कॉस्टिंग मागेन आणि खालच्या ओळी आधी वाचेन.

करणाऱ्याला माझी विनंती एवढीच, की पहिल्या लॉटची किंमत लाजून कमी सांगू नका. साच्याचे, चाचण्यांचे आणि फुकट जाणाऱ्या ओ-रिंगांचे पैसे तिच्यात धरा. आणि घेणाऱ्यांनो, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: गॅस्केटचं माप काय आणि ते बाजारात मिळतं का, यंत्र स्वतः उघडलं तर हमी राहते का, आणि ते परत पाठवायची वेळ आली तर भाडं कोण भरणार. तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली तर किमतीवरून घासाघीस करू नका.